खलाशी किती, माल किती

नांगर उचलण्यापूर्वी चाचांनी आम्हा अकरा जणांना डेकवर ओळीने बसवले, एकेकाचे तळहात उलटेसुलटे करून पाहिले आणि सुकाणूपाशी उभ्या असलेल्या कप्तानांना हाक मारून सांगितले, “खलाशी तीन. बाकी माल.” तीन म्हणजे कप्तान, स्वतः चाचा आणि भंडारी. जहाजावर भंडारी म्हणजे स्वयंपाकी. जातीशी त्या शब्दाचा संबंध नाही. चाचांनी विनोद केला असे समजून आम्ही हसलो. चाचा हसले नाहीत.

मला तो शब्द इतरांपेक्षा अधिक लागला, कारण ‘माल’ या शब्दावरच मी आयुष्यभर पोट भरले होते. बॅलार्ड पिअरला एका विमा कंपनीच्या सागरी विभागात २६ वर्षे मी मालाच्या नुकसानीचे दावे तपासले. भिजलेली साखर, गंजलेल्या पत्र्यांची भेंडोळी, बुरशी धरलेली डाळ हे सगळे माझ्या टेबलावर कागदांच्या रूपाने येत असे. पाणी समुद्राचे की पावसाचे हे ठरवण्यासाठी सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकतात. पांढरा साका धरला तर पाण्यात मीठ आहे, म्हणजे ते समुद्राचे. समुद्राशी माझी ओळख एवढीच, दोन थेंबांची. निवृत्तीच्या वर्षी, ५८व्या वर्षी, मी स्वतःच मालाच्या यादीत जाऊन बसेन असे वाटले नव्हते.

मुंबईचा माणूस समुद्र रोज पाहतो, पण तो त्याला किनाऱ्यांच्या नावांनी ओळखतो: गिरगाव चौपाटी, वरळी सी फेस, बँडस्टँड, जुहू. पाण्याकडून शहर कसे दिसते हे कोळीवाड्यांतल्या माणसांखेरीज फार थोड्यांना ठाऊक असते. आमच्या घरात तर समुद्राचे नाव काढलेलेही फारसे चालत नसे. आजी रेवसच्या बाजूची. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि ६००हून अधिक माणसे बुडाली. त्या आषाढात तिच्या गावात कितीतरी घरांत चूल पेटली नाही. त्यानंतर आजीने मरेपर्यंत बोटीत पाय ठेवला नाही. माहेरी जायचे झाले तर ती पनवेल, पेण असा वळसा घालून एसटीने जात असे.

कप्तानांची ओळख माझ्या कामातूनच झाली होती. मर्चंट नेव्हीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुने, दोन डोलकाठ्यांचे, सुमारे ७० फुटांचे लाकडी जहाज विकत घेतले, दोन वर्षे ते किनाऱ्यावर ठेवून दुरुस्त केले आणि २०१८च्या डिसेंबरात गोव्याला न्यायचे ठरवले. इंजिन होते, पण ते बंदरात शिरण्या-निघण्यापुरते. बाकी सारा प्रवास शिडांवर करायचा, असा त्यांचा हट्ट होता. शिडांना हात लागतात, म्हणून त्यांनी ओळखीपाळखीतून माणसे जमवली. त्यांत वरळी कोळीवाड्यातला एक तरुण होता, ज्याच्या घरी ट्रॉलर होता पण शीड कोणी आजोबांनंतर पाहिले नव्हते. डोंबिवलीची एक फिजिओथेरपिस्ट मुलगी होती. त्याच वर्षी मे महिन्यात नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करून गोव्याला परतल्या होत्या, आणि त्या बातमीचे कात्रण तिने पाकिटात ठेवले होते. बोरिवलीचे एक निवृत्त गणित शिक्षक होते, ज्यांना पहिल्या तासापासून सगळे ‘सर’ म्हणू लागले. उरलेल्यांत दोघे आर्किटेक्ट, एक वकील, काही कॉलेजची मुले आणि मी. पोहता सगळ्यांना येत होते. एवढी एकच अट कप्तानांनी घातली होती.

चाचा बाणकोटच्या खाडीवरचे, तांडेलांच्या घराण्यातले. वय सत्तरीच्या आसपास. लहानपणी ते वडिलांबरोबर कौलांच्या गलबतांवर होते, पुढे आखाती बंदरांत लाँचवर. भरतीचे वेळापत्रक कप्तानांच्या फोनमध्ये होते. चाचांच्या डोक्यात पाऊणकीचा पाढा होता. तिथीला पाऊणपट करा, जे येईल तितक्या वाजता भरती: अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. त्या दिवशी मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा होती. चाचांच्या हिशेबाने पूर्ण भरती पाऊणच्या सुमारास येत होती, आणि अमावास्या आदल्याच दिवशी झालेली असल्यामुळे उधाण होते, म्हणजे मागून येणारी ओहोटीही जोराची. दीड वाजता पाणी थबकले, मग नांगराच्या साखळीभोवतीचा कचरा हळूहळू दक्षिणेकडे सरकू लागला. “पाणी चाललं. आपणही चला,” चाचा म्हणाले.

अपोलो बंदरासमोरून जहाज वळले तेव्हा गेटवे, ताज आणि त्यांच्या उत्तरेला नौदलाच्या गोदीची भिंत एका नजरेत आली. त्या भिंतीच्या बाहेरून, लायन गेटसमोरून, मी २६ वर्षे डबा घेऊन चालत होतो. आत वाडियांनी मलबारच्या सागवानातून जहाजे बांधली, हे मला वाचून ठाऊक होते. सुरतेहून १७३६ साली आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांपासून ते घराणे सुरू होते, आणि त्याच घराण्यातल्या जमशेटजी बमनजींनी बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज ऑक्टोबर १८१७मध्ये याच पाण्यात उतरले. ते आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगते आहे. हे सगळे मला तोंडपाठ होते, आणि तरी त्या क्षणी हातातल्या दोराचे नाव मला सांगता येत नव्हते.

शीड चढवण्याचा पहिला प्रयत्न म्हणजे निव्वळ हसे होते. एका दोराला आम्ही सहा जण लटकलो, आणि प्रत्येक जण आपापल्या वेळेला ओढत होता. चाचांनी आम्हाला थांबवले आणि पोटातून आवाज काढला, “हब्बेस!” तो आवाज ओळखीचा होता. परळला, लोअर परळला, जिथे गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहत होते तिथे, क्रेनखाली उभा असलेला माणूस वर पाहून हेच ओरडताना मी शंभर वेळा ऐकले होते. ‘हबेस’ म्हणजे वर घे, ‘आरिया’ म्हणजे खाली सोड. ‘आरिया’ पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या भाषेत ‘आरियार’ म्हणजे उतरवणे. शिडाच्या जहाजांवर हिंदुस्तानी खलाशी मोठ्या संख्येने असत, आणि त्यांची ही सरमिसळीची भाषा गोऱ्या अधिकाऱ्यांनाच शिकावी लागे. त्यासाठी टॉमस रोबक नावाच्या एका अधिकाऱ्याने १८११ साली कलकत्त्याला कोशही छापला. शिडे गेली तरी हे दोन शब्द गोदीतून बाहेर पडले आणि सिमेंटच्या बादल्या वर चढवू लागले. चाचांच्या ‘हब्बेस’वर सहा पाठी एकदम वाकल्या, दोर हातभर आला, पुन्हा ‘हब्बेस’, पुन्हा हातभर. शीड वर जाऊन भरले तेव्हा इंजिन बंद झाले, आणि आपण आतापर्यंत केवढ्या आवाजात बोलत होतो हे आमच्या ध्यानात आले.

प्रॉन्ग्सचा दीपस्तंभ उजवीकडे मागे पडला. डावीकडे मांडवा, थळ. वायव्येचा खारा वारा मागून बेताने येत होता, खालून ओहोटी ढकलत होती, आणि सूर्य मावळता मावळता आम्ही खांदेरीच्या समोर आलो. दोघातिघांनी घरी फोटो पाठवले. समुद्र जमला, अशी आमची समजूत झाली होती.

आणि वारा पडला. दुपारचा खारा वारा थांबून रात्रीचा मतलई वारा सुटेपर्यंत मधे एक मेलेला काळ असतो, हे भूगोलाच्या पुस्तकात आम्ही सगळ्यांनी वाचले होते. त्या काळात जहाजाचे काय होते, हे पुस्तकात नव्हते. भरलेले शीड जहाजाला एका बाजूला टेकून धरते. वारा गेला की तो टेकू निघतो, आणि दूरच्या कुठल्यातरी वाऱ्याने उठवलेल्या लांब लाटा जहाजाला या कुशीवरून त्या कुशीवर लोळवत राहतात. शिडे फडफडून आपटतात, कप्प्या किरकिरतात, स्वयंपाकघरातली पातेली एकाच लयीत सरकतात. एसटीत जशी गाडी लागते, तशी आम्हाला बोट लागली. डोळे सांगतात की समोरची भिंत स्थिर आहे, कानाच्या आतला तोल सांगतो की सगळे हलते आहे, आणि या भांडणाचा निकाल पोट लावते. आर्किटेक्ट आधी गेले, मग वकील, मग मी. डोंबिवलीच्या मुलीने सगळ्यांना क्षितिजाकडे पाहायला सांगितले, पण अंधार पडल्यावर क्षितिज कुठून आणायचे? भंडाऱ्याने आलेपाक वाटला. तो येतानाही आले होता आणि जातानाही आलेच होता. एवढेच त्याच्याविषयी सांगता येईल. सर तर खाली बाकावर भिंतीकडे तोंड करून पडले ते उठलेच नाहीत.

रात्री नऊ वाजता खांदेरीचा दिवा आमच्या पुढे होता. अकराला तो शेजारी असायला हवा होता. तो आणखी पुढे गेला. मला वाटले, उलट्यांनी नजर फिरली असेल. कप्तानांना विचारले, तर ते शांतपणे म्हणाले, “सातपासून भरती लागली आहे. आपण मुंबईला परत चाललो आहोत.” पाच तास शिडांनी जे कमावले त्यातले काही मैल पाणी निमूटपणे परत घेत होते. इंजिन लावू या का, असे कोणीतरी पुटपुटले. कप्तानांनी ऐकले नाही असे दाखवले.

या पाण्यात अशा रात्रींनी इतिहास घडवला आहे, हे मला त्या अवस्थेतही आठवले. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तट बांधायला घेतला तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी बेटाला वेढा घातला. त्यांची मोठी जहाजे वाऱ्यावाचून जागची हलत नसत, आणि मराठ्यांच्या वल्ह्यांच्या हलक्या होड्या रात्रीच्या काळोखात त्यांच्यामधून सामान घेऊन बेटाला जाऊन लागत. शाळेत हा प्रसंग शौर्याचा म्हणून शिकवला जातो, आणि तो आहेच. पण आम्ही खुळखुळ्यासारखे हलत पडलो होतो, समोर तेच बेट होते, आणि मला पहिल्यांदाच त्या वेढ्यातल्या जहाजांवरच्या खलाशांची कीव आली: होड्या जाताना कानांवर येत असतील, वल्ह्यांचा आवाज स्पष्ट असेल, आणि शिडात श्वासाएवढाही वारा नसेल.

दीडच्या सुमारास गालावर काहीतरी गार लागले. त्याला जमिनीचा वास होता, शेणाचा, पेटवलेल्या पालापाचोळ्याचा. मतलई आला होता. शीड एकदा आपटले, मग भरले, आणि जहाज कुशीवर टेकून स्थिर झाले. पोटही त्याच्याबरोबर स्थिर झाले, हे कोणी सांगितले असते तर मी खरे मानले नसते.

दुसऱ्या दिवसापासून पहारे लागले. चार तास काम, आठ तास सुटी. आपल्या जुन्या हिशेबात दिवसाचे आठ प्रहर, प्रत्येक तीन तासांचा. जहाजाच्या हिशेबात सहा पहारे, आणि रोज तीच माणसे त्याच वेळेला येऊ नयेत म्हणून संध्याकाळचा पहारा दोन-दोन तासांचा तोडलेला. माझ्या वाट्याला पहिल्याच रात्री बारा ते चार आला. आठ तासांच्या सुटीत झोप येईल हा समज चुकीचा ठरला, कारण लाकडी जहाज आतून सतत बोलत असते, आणि त्यातला कोणता आवाज बरा व कोणता वाईट हे नवख्याला कळत नाही.

त्यातला एक आवाज मात्र खरोखर वाईट होता. दोन वर्षे कोरड्यावर राहिलेल्या जहाजाच्या फळ्या आकसलेल्या असतात. सांध्यांत कापूस आणि राळ कितीही ठासली तरी पहिले काही दिवस पाणी आत येतेच. लाकूड पाणी पिऊन फुगले की सांधे आपोआप मिटतात. तोपर्यंत पंप मारायचा. बॅटरीवरच्या पंपाने पहिल्याच रात्री दम तोडला होता, आणि हातपंपाचा दांडा खाली, सरांच्या बाकापासून दोन हातांवर होता. पंपाची पाळी कोणाची हे फळ्यावर लिहिलेले होते. मी माझ्या पाळीला खाली गेलो की पंप मारून झालेला असे, म्हणून मी समजलो की आधीच्या पहाऱ्याने काम केले असणार. अधिक विचार करण्याएवढे डोके तेव्हा जागेवर नव्हते. सर शेजारी बादली घेऊन तसेच पडलेले असत. खरे सांगायचे तर, चाचांच्या त्या वाक्यातला माल मला त्यांच्यात दिसू लागला होता, आणि ते पाहून स्वतःविषयी थोडे बरे वाटत होते.

मुरूड मागे पडले, जंजिरा लांबून काळ्या टोपलीसारखा दिसला. दिवसभर आम्ही दोरांची नावे घोकत होतो. उजव्या कठड्यालगत खुंट्यांची एक रांग होती आणि तिच्यावर आठ दोर आठाच्या आकड्यासारखे वळसे देऊन अडकवलेले. शीड वर नेणारा दोर हॅलयार्ड, शिडाचा खालचा कोपरा ताणून धरणारा तो कप्तानांच्या तोंडी शीट आणि चाचांच्या तोंडी दामण. कप्तान इंग्रजीत हुकूम देत, चाचा त्याचे आपल्या भाषेत रूपांतर करत, आणि आम्ही दोन्ही ऐकून तिसराच दोर धरत असू. गलबतावर मार्ग दाखवणाऱ्याला मालम म्हणतात. तो शब्द अरबीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ शिक्षक. आमच्यावर मालम दोन आणि विद्यार्थी ढ, अशी स्थिती होती.

तिसऱ्या रात्री, दाभोळच्या बाहेर, वारा एकदम वाढला. कप्तान ओरडले, “शीट सोडा!” मी रांगेपाशीच होतो. अंधारात हात घातला, खुंटीवर ताठ दोर लागला, वळसे काढले आणि सोडून दिला. तो हॅलयार्ड होता. वरून आधी कप्पीची किंकाळी आली, मग अख्खे शीड काठीसह खाली कोसळले, अर्धे डेकवर, अर्धे पाण्यात, आणि वरळीचा मुलगा त्याच्याखाली सापडला. तो कापडाखालून धडपडत बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात कोणाची तरी चप्पल होती. त्याला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. भिजलेले शीड आत ओढायला आम्हा सगळ्यांना पाऊण तास लागला. पाण्याने भरलेल्या कापडाचे वजन किती असते हे मी दाव्यांच्या कागदांवर अनेकदा लिहिले होते, ते आता खांद्यांना कळले. कप्तान दोन शब्द बोलले, जे मला लागणे योग्यच होते. चाचा काहीच बोलले नाहीत. ते दोर पुन्हा खुंटीवर घालत होते, आणि घालताना माझा हात धरून त्यांनी तो आधी एका दोरावर, मग शेजारच्या दोरावर ठेवला.

दोन्ही ताठच होते. पण एक मुका होता, खांबासारखा. वरचे वजन धरून तो स्वस्थ उभा होता. दुसरा थरथरत होता. वारा शिडात जे काही करत होता ते त्याच्यातून माझ्या बोटांपर्यंत येत होते, मांजराच्या पाठीवर हात ठेवावा तसे. “हा झोपला, हा जागा,” चाचा म्हणाले. “जागा आहे ती दामण.”

सकाळी त्यांनी स्वतःचा गमछा काढला आणि एकेकाचे डोळे बांधून रांगेपुढे उभे केले. नाव उच्चारायचे, हात तिथे गेला पाहिजे. नावे कोणाच्याच डोक्यात बसेनात, तेव्हा डोंबिवलीच्या मुलीने युक्ती काढली. आठ खुंट्या, तर आठ स्टेशने: ठाकुर्ली, डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे, मुलुंड. हॅलयार्ड म्हणजे दिवा, दामण म्हणजे कोपर. मी आदल्या रात्री कोपरला उतरायचे तो दिव्याला उतरलो होतो. मध्य रेल्वेवर आयुष्य काढलेल्यांना हे दहा मिनिटांत पाठ झाले. वांद्रे आणि बोरिवलीकडच्या दोघांनी तक्रार केली, पण त्यांनाही मान्य करावे लागले. ही पद्धत कप्तानांना मुळीच पटली नाही. चाचांनी मात्र दुपारी कोणाला तरी “ए, मुंब्र्याचा पीळ काढ” असे सांगितलेले मी ऐकले.

डोलकाठीवर चढण्याविषयी फार लिहीत नाही, कारण मी अर्ध्यावरून परत आलो. नेहमी वाऱ्याकडच्या बाजूने चढायचे, म्हणजे जहाजाचा कल आपल्याला दोरांच्या शिडीवर टेकवून ठेवतो. एक हात जहाजाचा, एक हात आपला. मला दोन्ही हात आपलेच ठेवावेसे वाटले. वरळीचा मुलगा टोकापर्यंत जाऊन आला आणि उतरल्यावर बराच वेळ कोणाशी बोलला नाही.

त्याच दुपारी कप्तानांनी जुन्या पद्धतीने वेग मोजून दाखवला. दोराला लाकडी फळी बांधून ती मागे पाण्यात टाकायची, दोर हातातून जाऊ द्यायचा, आणि वाळूच्या घड्याळाची २८ सेकंदे संपेपर्यंत हातातून किती गाठी गेल्या ते मोजायचे. दोन गाठींमधले अंतर ४७ फूट ३ इंच. सागरी वेगाला नॉट म्हणजे गाठ म्हणतात ते यावरून. साडेतीन गाठी गेल्या. तेवढ्यात खालून, बाकावरून, सरांचा क्षीण आवाज आला: ४७ फूट ३ इंचांचे मीटर, भागिले २८, गुणिले ३६००, म्हणजे एका गाठीला ताशी सुमारे १८५२ मीटर, बरोबर एक सागरी मैल, तेव्हा पद्धत योग्य आहे. दोन दिवसांत सरांनी काढलेला तो पहिला शब्द. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा कामाला लागले.

चौथ्या रात्री आम्ही जयगड ओलांडून रत्नागिरीच्या दिशेने चाललो होतो. चंद्र केव्हाच मावळला होता. जहाजाच्या नाळेपाशी पाणी फुटत होते तिथे निळसर उजेड उठत होता, कारण त्या दिवसांत पाण्यात असलेले सूक्ष्म जीव डिवचले की चमकतात. मागेही तसाच एक धुरकट निळा पट्टा राहत होता. डोंबिवलीची मुलगी नाळेवर पहाऱ्याला होती, मी मधे, चाचा सुकाणूवर. दोन वाजून गेले असतील. ती एकदम ओरडली, “होडी! समोर होडी!”

दिवा नाही, काही नाही. एक मासेमारी बोट, जाळी टाकून थांबलेली, आणि आम्ही सरळ तिच्यावर. चाचांनी चाक फिरवले, शीड वाऱ्याने इतके भरले की जहाज वळेना, आणि त्यांच्या तोंडून हुकूम निघण्याआधी नाळेवरून तिचाच आवाज आला, “कोपर!” माझा हात गेला. बोटांखाली दोर जागा होता. वळसे निघाले, दामण हातातून सुटू लागली, तळहाताची साल तिच्याबरोबर गेली, शीड मोकळे होऊन फडफडले आणि जहाज वळले. ती बोट आमच्या बाजूने इतक्या जवळून गेली की तिच्या डेकवरच्या स्टोव्हची निळी ज्योत आणि तिच्यावर ठेवलेले चहाचे भांडे दिसले. स्टोव्हपाशी बसलेल्या माणसाने मान वर केली आणि आम्हाला एक अस्सल रत्नागिरी शिवी दिली. त्याच्या बोटीला दिवा नव्हता, तरी शिवी आम्हालाच. चाचांनी त्याला त्याच मापाची परत केली. मग बराच वेळ कोणी बोलले नाही. मी दामण पुन्हा खुंटीवर घातली आणि उगाचच तिच्यावर हात ठेवून उभा राहिलो.

पाचव्या दिवशी दुपारी, गोड्या पाण्याचे पिंप भरून घेण्यासाठी आम्ही विजयदुर्गच्या खाडीत नांगर टाकला. किल्ल्याची तटबंदी उजवीकडे उन्हात तापत होती. बंदरावरचा एक कर्मचारी होडीतून आला आणि त्याने एक छापील फॉर्म दिला. कप्तान नकाशात गुंतले होते, म्हणून लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. असे फॉर्म मी आयुष्यात हजारांनी पाहिले होते. जहाजाचा प्रकार, कोठून, कोठे. मग तीन रकाने: खलाशी, प्रवासी, माल.

मी पेन धरून थांबलो. चाचा नाळेवर बसून दोराचे वेटोळे घालत होते. मी विचारले, “चाचा, खलाशी किती लिहू?”

“चौदा.”

मला आनंद झाला हे नाकारत नाही. पण दाव्यांची सवय आड आली. नेमके लिहावे म्हणून मी खाली मान करून, आवाज न वाढवता, विचारले, “सरांनाही धरून?” कारण पाच दिवसांत सरांनी एकाही दोराला हात लावलेला नव्हता.

चाचांनी वेटोळे घालणे थांबवले. “पंप कोणी मारला?”

मी खाली गेलो. सर बसलेले होते, पहिल्यांदाच, पाठ भिंतीला टेकून. चेहरा अजून पिवळाच होता. मांडीवर शाळेची असते तशी शंभर पानी वही होती, आणि तिच्यात पाच दिवसांचे तास ओळीने आखलेले होते. प्रत्येक तासापुढे पंपाच्या हातांची संख्या. पहिल्या रात्री तासाला ३४०, ३५५, ३५०. दुसऱ्या दिवशी ३१०. मग २४०, १८०. ज्या रात्री मी शीड पाडले त्या तासापुढे काहीच खूण नव्हती, फक्त आकडा: १६५. शेवटची ओळ त्या दिवशी सकाळची होती, ४०. “फळ्या फुगल्या,” सर म्हणाले. “बघा, आलेख काढला तर कसा खाली येतो. उद्यापर्यंत दहावर येईल.” बोलता बोलता त्यांनी बादली जवळ ओढली. त्यांच्या उजव्या तळहातावर फोड फुटून सुकलेले होते, माझ्यापेक्षा जुने.

मी वर आलो. खलाशांच्या रकान्यात १४ लिहिले. साल गेलेल्या हाताने लिहिल्यामुळे आकडा वाकडा आला, तो पुन्हा गिरवला. प्रवासी: निरंक. माल: निरंक. कर्मचाऱ्याने फॉर्म वाचून पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “एवढं मोठं जहाज रिकामंच चाललंय?”

“हो,” मी म्हणालो आणि सही केली.